अर्धा आटा

व्हर्नाने बोल्ट आणखी अर्धा आटा आवळला. आधी धनुष्याच्या वरच्या पात्याचा, मग खालच्याचा. दोन्ही सारखे आवळले नाहीत तर बाण तिरका जातो, हे नवऱ्याची, हार्लनची, बडबड ऐकून तिला पाठ झालं होतं. आत न्हाणीघरात त्याच्या अंघोळीचं पाणी थांबलं, तेव्हा धनुष्य गॅरेजमधल्या खुंटीवर परत गेलं होतं आणि बोल्ट आवळायची ॲलन की तिच्या एप्रनच्या खिशात.

वसंतात हार्लनला दोनदा भोवळ आली होती. डॉक्टर म्हणाले, कानातला तोल बिघडलाय, यापुढे खुर्चीपेक्षा उंच कशावर चढायचं नाही. हार्लनने मुकाट मान डोलावली आणि घरी येऊन शिकारीच्या मचाणाच्या दोऱ्या तपासायला बसला. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात ऑक्टोबर उजाडला की हरणं उतरतात, आणि हार्लन गेली कित्येक वर्षं एकाच ओकच्या झाडावर बसून त्यांची वाट बघत आला होता.

"पडलास तर?" व्हर्नाने विचारलं होतं.

"झाडाला अडकवायचा पट्टा कमरेला न बांधता मी कधी चढलोय का? ते मूर्ख वेगळे. हे बघ, ज्या दिवशी धनुष्य ओढता येणार नाही, त्या दिवशी मी आपणहून खाली उतरेन. तोवर मला कुणी शहाणपण शिकवू नका."

हा रस्ता त्यानेच दाखवला. सराव सुरू करताना तो धनुष्य सैल करायचा आणि हात तयार होईल तसं शरद येईपर्यंत घट्ट करत न्यायचा. बोल्ट जितके घट्ट, तितकी दोरी ओढायला जड. यंदा घट्ट करायचं काम व्हर्नाने गुपचूप आपल्याकडे घेतलं, आणि तेही त्याचा हात तयार व्हायच्या आधीच. हात थकेल, तो आपणहून थांबेल. भांडण नाही, रडारड नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. प्रेमात माणूस किती हिशेबी होतो बघा.

जुलैभर हार्लन परसातल्या गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारत राहिला. बाण नेमाच्या वरून जायचे. तो हाताला शिव्या द्यायचा. धनुष्यावर शंका घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. ते त्याने स्वतः लावलेलं होतं.

"अरे, ओढतोयस की कुंथतोयस?" शेजारचा मर्ल कुंपणावरून ओरडायचा.

"तू आधी तोंड मिट, म्हणजे माझा नेम लागेल!"

ऑगस्टमधल्या एका सकाळी दोरी अर्ध्यावर येऊन अडली. हार्लनने पुन्हा ओढली, मग पुन्हा. उजवा हात खाली आला. मर्ल कुंपणापासून हटून आपल्या घरात गेला. हार्लनने धनुष्य खुंटीवर टांगलं आणि आत येऊन म्हणाला, "संपलं गं."

व्हर्ना त्याच्या गळ्यात पडून रडली. तिला वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता. तिने चेरीचा केक केला. हार्लन जेवताना चमचा डाव्या हातात धरून बसला आणि उजव्या हाताची मूठ उघडत मिटत राहिला.

त्यानंतर तो फार शहाण्यासारखा वागू लागला. घर ऊबदार ठेवणारी तळघरातली भट्टी कशी पेटवायची, ते त्याने तिला शिकवलं. बर्फ ढकलायचं यंत्र दोनदा चालू करायला लावलं. "तू आहेस की," ती हसून म्हणाली, "हे तुझं काम आहे." तो म्हणाला, "शिकून ठेव." म्हातारपणी शहाणपण आलं, तिने मनात म्हटलं. धनुष्यसुद्धा त्याने मर्लला देऊन टाकलं.

आज सकाळी न्याहारी झाल्यावर तो टोपी घालून निघाला.

"मचाण उतरवून आणतो. उगाच दुसरं कुणी चढायला नको."

"हार्लन!"

"अगं, मर्ल चढेल. मी खाली उभा राहीन." जाता जाता त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. असं त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. ती भांडी विसळताना गुणगुणत होती.

आणि आता गॅरेजच्या दारात मर्ल उभा होता. हातात धनुष्य, चेहरा हसून लाल.

"कुठाय तो म्हातारा? बोलाव त्याला! त्याचा हात ठणठणीत आहे. धनुष्यच आवळून बसलंय, बोल्ट पार तळाला टेकलेत. माझा खांदा निखळायचा राहिला!"

व्हर्नाचा हात एप्रनच्या खिशावर गेला.

"काल माझ्यापाशी रडला गं तो," मर्ल म्हणाला. "म्हणे, बापाचं दुखणं मला लागलंय. त्याचंही उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं. मग पाय गेले, मग गिळता येईना. शेवटपर्यंत हार्लनच भरवायचा म्हणे. 'मर्ल, व्हर्नाला मी ते करायला लावणार नाही,' असं म्हणाला. तुला माहीत होतं हे?"

तिला माहीत नव्हतं. सासरा तिच्या लग्नाआधीच गेला होता. कशाने, असं विचारलं की हार्लन 'अशक्तपणा' म्हणून विषय बदलायचा.

"पण तो तुझ्याबरोबर गेलाय ना?" तिने विचारलं. "मचाण उतरवायला?"

मर्लचं हसू मावळलं. "माझ्याबरोबर? मला तर बोललाच नाही."

दोघांनी एकदमच भिंतीकडे बघितलं. धनुष्याच्या रिकाम्या खुंटीशेजारी हार्लनचा कमरेचा पट्टा टांगलेला होता.