पितळी दांडा
हौशी मंडळींनी जपलेल्या छोट्या रेल्वेवर आज सिरिलची अखेरची फेरी होती: त्याची रक्षा त्याच्याच इंजिनाच्या भट्टीत टाकून गाडी डोंगरावरच्या स्थानकापर्यंत न्यायची. पण भाषणे लांबली, गाडी खोळंबली. आणि त्याची पत्नी हिल्डा सिग्नल केबिनमध्ये वळून पाहते तो खुंटीवरचा पितळी दांडा नाहीसा! एकेरी मार्गावर दांडा हाती असल्याशिवाय इंजिन हलवायचे नाही, आणि दांडा एकच. “म्हाताऱ्यानंच पळवला असेल, त्याला उशीर कधी खपलाय?” नवा ड्रायव्हर नॉर्मन हसला. तेवढ्यात वरच्या स्थानकातून फोन आला. “अगं हिल्डा, गाडी न कळवता सोडलीस? दांडा इथं खुंटीवर आहे. चटका बसतोय त्याचा.” “गाडी इथंच उभी आहे,” ती पुटपुटली. नॉर्मनचे हसू मावळले. हिल्डाने खिडकीतला रक्षेचा सीलबंद डबा उचलला. सकाळी जाणवलेले वजन आता त्यात उरले नव्हते.