समोर रिकामं आहे

चौथ्या झेंड्यापाशी बॉल चंद्रकलाच्या पायापासून हातभर अंतरावर पडला आणि दवाने ओल्या गवतात रुतला. मागून आवाज आला, "ओ मॅडम! समोर रिकामं आहे, सोडा ना आमाले!"

चंद्रकला दचकून बाजूला झाली. करुणाने मागे वळून पाहिलं. भाऊराव ठेकेदार कमरेवर हात ठेवून उभे, आणि आजूबाजूला त्यांची नेहमीची तीन माणसं. पुढची माणसं हलल्याशिवाय बॉल मारू नये, हा गोल्फचा पहिला धडा. भाऊराव या मैदानाचे कॅप्टन, त्यामुळे धडे द्यायचं काम त्यांचं होतं, पाळायचं इतरांचं.

सौंसरच्या बाहेर एका कारखान्याने हे मैदान केलेलं. नऊ झेंडे, नऊ होल; झेंड्याखालच्या खळग्यालाही होल म्हणायचं आणि तिथवरच्या पट्ट्यालाही. एका अंगाला संत्र्याचा बगीचा. इथली एक रीत होती. मागचे लोक भराभर येत असतील आणि आपल्या पुढचा होल रिकामा असेल, तर हळू खेळणाऱ्यांनी बाजूला व्हावं, त्यांना पुढे जाऊ द्यावं. रीत चांगलीच. पण करुणा ती नको इतकी पाळायची. कारखान्याच्या लॅबमध्ये ती मोठ्या हुद्द्यावर, मेंबर होऊन वर्ष झालेलं, तरी मैदानावर पाहुणीसारखी वागायची. मागे कोणी नुसतं खाकरलं तरी "या, या" म्हणून बाजूला. आधी भाऊरावांची चौकडी जायची, मग त्यांचं पाहून मागचे सगळेच. ऊन डोक्यावर यायचं तेव्हा या दोघी शेवटून पहिल्या.

मागच्या महिन्यात भाऊरावांच्या सांगण्यावरून त्यांना हळू खेळल्याची ताकीद मिळाली होती. आज दुसरी मिळाली, की रविवार सकाळचं खेळणं बंद. आणि करुणाला सुटी रविवारचीच. आठवडाभर अ‍ॅसिडचा वास घेतल्यावर या गवतावरच तिला मोकळा श्वास घेता यायचा. आता तेवढंही जाणार होतं.

"जाऊ द्या ना ताई त्यायले," चंद्रकला कुजबुजली. शाळेत अख्खा वर्ग नजरेच्या धाकात ठेवणारी बाई, पण इथे तिचा आवाज फुटेना. "उगाच कायले तोंडी लागता?"

करुणा बाजूला व्हायला निघालीच होती. पाऊल उचललं, आणि सहज तिची नजर समोर गेली. पाचव्या झेंड्यापाशी डॉक्टर अभिजीत आणि त्यांची बायको सायली अजून खेळतच होते. म्हणजे समोर रिकामं नव्हतं. गेल्या रविवारी तरी होतं का? तिला आठवेना. कारण मागून हाक आली की ती मागेच पाहायची, समोर कधी पाहिलंच नव्हतं! तिला स्वतःचाच संताप आला.

"भाऊराव, समोर डॉक्टर दिसून राह्यले ना तुमाले?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आता का त्यायच्या डोक्यावरून जाता?"

"तुमी व्हा तं बाजूला! आमी पाहून घेऊ!"

"नाही होत."

दुसरा बॉल आला. झेंड्याच्या अलीकडे आपटून उसळला. चंद्रकलाने करुणाचा हात धरला. "ताई, लागंन ना एखादा!"

"मी सावरगावची आहे," करुणा म्हणाली.

चंद्रकलाला पुढे काही सांगावं लागलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत झेंडा उभा राहतो, अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, हे तिकडच्या प्रत्येकाला ठाऊक. करुणाला तो प्रकार कधीच आवडला नव्हता. पण लहानपणी गच्चीवरून तिने इतकं मात्र पाहिलं होतं, की झेंड्यापाशी उभा राहिलेला माणूस गोट्यांना भिऊन हलत नाही. तिने हात सोडवला, पाय रोवले आणि आपला बॉल सावकाश होलमध्ये घातला. मगच दोघी निघाल्या.

भाऊरावांचं डोकं फिरलं. त्यांनी तिसरा बॉल असा काही हाणला, की तो तिरपा जाऊन थेट संत्र्याच्या बगीच्यात शिरला. झाडांखाली गवत माजलेलं, त्यात बॉल सापडणार कसा! चौघंही तारेखालून आत घुसले. बॉल कुठल्या झाडाखाली पडला यावर त्यांची आपसात जुंपली, ती या दोघींना पाचव्या होलपर्यंत ऐकू येत होती.

पुढे प्रत्येक होलवर करुणा आणि चंद्रकलाला थांबावं लागलं. डॉक्टर हलेपर्यंत उभं राहायचं, मग खेळायचं. मागून कोणी हाक मारली नाही. चंद्रकला तर चक्क गुणगुणायला लागली.

नवव्या झेंड्यापलीकडे कडुनिंबाखाली गौतम खुर्ची टाकून बसला होता. कोण रेंगाळलं, कोणाच्या पुढचे होल रिकामे पडले, हे पाहून ताकीद द्यायची ती त्याने. इतके दिवस तो भाऊराव सांगतील ते ऐकायचा. डॉक्टर अजून बूट झटकत होते, तेवढ्यात या दोघी येऊन पोचलेल्या पाहून तो उठून उभाच राहिला.

"बाप्पा! ताई, तुमी डॉक्टरसायबाच्या मागंच? आन् कॅप्टन कुठं राह्यले?"

करुणा वळली. नववा होल मोकळा. आठवा मोकळा. सातवाही. त्याच्याही मागे, पार सहाव्या झेंड्याजवळ, चार माणसं अजून हातवारे करत भांडत होती. तिने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"ओ भाऊराव! समोर रिकामं आहे, या ना!"