बॉफिन

इंग्लंडात शिकणाऱ्या रीताच्या मॅडम तिच्यासोबत एटापल्लीला आल्या, त्या दोन वाळकी पानं घेऊनच. ती एकाच झाडाची की वेगवेगळ्या झाडांची, हे त्यांना दोन वर्षं उमगलं नव्हतं. रीताची आई बायनाबाई हिनं दोन्ही पानांचा तुकडा चुरगळून हुंगला.

"हे नाल्याकाठचं, ते पहाडीवरचं," ती म्हणाली आणि जंगलात नेऊन दोन्ही झाडं दाखवली.

मॅडम हरखून ओरडल्या, "बॉफिन!"

बायनाबाई बिचकली. "शिवी देऊन राह्यली का व?"

"नाई माय. अभ्यासात बुडालेल्या मोठ्या संशोधकाले तिकडचे लोक लाडानं तसं म्हणतात."

बायनाबाईचा चेहरा उजळला. "मंग बरोबरच म्हणते. शिकलीच तू तेवढी!"

"मले नाई व माय, तुले म्हणून राह्यल्या."