ससा आणि नासपती

"नाव सांग," वसईच्या किल्ल्यातल्या तुरुंगापाशी पोर्तुगीज कारकून म्हणाला.

"इनेस कोएल्यो. आतला सांतान परेरा माझा सख्खा भाऊ."

कारकून हसला. "आमच्या भाषेत कोएल्यो म्हणजे ससा, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. सशाचं नि झाडाचं कसलं नातं?"

बाप्तिस्म्याच्या दिवशी दोघा भावंडांना वेगवेगळ्या धर्मपित्यांची आडनावं मिळाली होती. उद्या भावाला मोझांबिकला हद्दपार करणार होते आणि भेट फक्त बायकोलाच मिळत होती.

"मग बायको लिहा," ती म्हणाली.

"बायकोलाही त्याच जहाजातून जावं लागतं. परतीची वाट नाही."

इनेसने दूरवरच्या आपल्या वाडीकडे पाहिलं. "लिहा."

दार उघडलं. खंगलेला सांतान धडपडत उठला आणि रडत म्हणाला, "ताई!"

कारकुनाची लेखणी क्षणभर थांबली. मग त्याने मुकाट्याने लिहिलं, 'इनेस परेरा.'