चौथ्या मजल्यावरची टोपली

हाज्जा वजीदाच्या खुब्याचं हाड मोडलं, त्यात फायदा होता तो भाजीवाल्या बयूमीचा. तीस वर्षं ती त्याच्या गाडीवरचा एकेक टोमॅटो दाबून बघायची आणि घराण्याचा उद्धार करायची. आता चौथ्या मजल्यावरून दोरीनं टोपली खाली यायची. तो घालेल ते वर जायचं. हाड जुळलं, डॉक्टरांनी जिना उतरायला सांगितलं, पण भीतीनं ती उतरेना. तेव्हा बयूमी टोपलीत सडके टोमॅटो घालू लागला. मी समोरच इस्त्री करतो; म्हटलं, “म्हातारीला फसवतोस?” “तिच्या शिव्यांशिवाय सकाळ अळणी लागते, उस्ताद,” तो म्हणाला. नवव्या सकाळी टोपलीऐवजी जिन्यावरून काठी आली, मागून हाज्जा. “मेल्या, मी कबरीत गेले समजलास?” म्हणत तिनं तीन टोमॅटो दाबून फोडले. तिला पाय मिळाले, त्याला शिव्या. भुर्दंड बसला मला: बघता बघता गिऱ्हाईकाचा शर्ट करपला.