ऑगस्टमधला महोत्सव

आजीच्या गोष्टीवर केलेला माझा पहिला सिनेमा महोत्सवात निवडला गेला, आणि टोपलीतल्या ब्लूबेरी निवडता निवडता आजी म्हणाली, "ऑगस्टात? मग नको दाखवूस."

"आजी, गोष्ट तू जानेवारीत सांगितलीस. भर बर्फात चित्रण केलं मी. पाळला ना तुझा नियम?"

"सांगताना बर्फ होता. लोक ऐकतील तेव्हा नसेल. आपण ओजिब्वे जमातीची माणसं ह्या गोष्टी उन्हाळ्यात काढत नाही, पोरी."

"थिएटरात एसी असतो गं. आणि अशी संधी परत नाही यायची. आजकाल कोण मानतं हे सगळं?"

 आजीने माझ्या चार वर्षांच्या लेकीला, वासेयाला, जवळ ओढलं. "काय गं, आई झोपताना गोष्ट सांगते का तुला?"

"नाही पणजी. आई म्हणते, बर्फ नसताना गोष्ट सांगितली की अंथरुणात बेडूक येतात. मग ती कॉम्प्युटरवर तुझी गोष्ट कापत बसते."

आजी मान खाली घालून ब्लूबेरी निवडत राहिली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

मी चडफडत आयोजकांना लिहायला घेतलं, "माझा सिनेमा बर्फ पडल्यावर दाखवाल का?"