गुडघ्यांचं निमित्त

एक्स-रे उजेडाकडे धरून हाडांचे डॉक्टर म्हणाले, “एस्तेरबाई, गुडघे ठणठणीत आहेत. मग बाहेर पडणं का सोडलंत?”

वर्षभर एस्तेरबाईंनी सगळ्यांना गुडघ्यांचंच कारण सांगितलं होतं. चर्चच्या महिला मंडळाला, बहिणीला, शाळेतल्या कार्यक्रमाच्या वेळी नातवालासुद्धा. गुडघे म्हटले की कुणी पुढे विचारत नसे.

“वय झालं त्यांचं,” सून शालिनी म्हणाली.

मिरजेत आयुष्यभर नर्स म्हणून लोकांना धीर दिलेल्या बाईंना स्वतःचं सांगताना शब्द सापडेनात. “पायांचं काही नाही, डॉक्टर. सकाळी उठावंसंच वाटत नाही. फोन वाजला तरी छातीत धडधडतं. जेवणाला चव लागत नाही. फार थकलेय मी.”

शालिनी त्यांच्याकडे वळली. “आई, मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? मला वाटलं, हा माझा आळस.”

“आळस नाही, हा आजार आहे. बराही होतो,” म्हणत डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

बाहेर रिक्षा थांबली. शालिनीने ती जाऊ दिली. “बसू या थोडं,” ती म्हणाली आणि सासूबाईंची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन बाकावर त्यांच्या शेजारी टेकली.